वर्गातील पोथी आणि शेतातील ताम्रपट : म. म. वासुदेव विष्णु मिराशी यांचे वाचन

१. विषयप्रवेश

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग ही गावे मँगनीजच्या खाणींसाठी प्रसिद्ध आहेत. नागपूर, भंडारा आणि बालाघाट या तीन जिल्ह्यांतून गेलेल्या मँगनीजच्या पट्ट्यात ती येतात. १८९६ साली स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटपासून १९६२ साली अस्तित्वात आलेल्या मँगनीज ओअर इंडिया लिमिटेडपर्यंतचा या खाणींचा इतिहास उद्योगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्यात आपल्या कामाचे काही असेल असे सहसा वाटत नाही. परंतु तुमसर रोडपासून याच पट्ट्यातून जो लोहमार्ग तिरोडीपर्यंत नेण्यात आला, त्या तिरोडीच्या खाणीच्या परिसरात वाकाटक नृपती द्वितीय प्रवरसेन याचा एक ताम्रपट मिळाला. हा प्रवरसेन म्हणजे परंपरेने सेतुबंध या महाराष्ट्री प्राकृतातील महाकाव्याचा कर्ता मानलेला राजा होय. मराठीच्या पूर्वपीठिकेचा विचार करणाऱ्या कोणालाही या काव्यावरून पुढे जाता येत नाही.

हा ताम्रपट वाचून प्रसिद्ध करणारे विद्वान हे पुरातत्त्व खात्याचे अधिकारी नव्हते. ते नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात संस्कृत शिकविणारे प्राध्यापक होते. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी (१८९३–१९८५) यांचे चरित्र पुराभिलेखतज्ज्ञाचे चरित्र म्हणून परिचित आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार एका शिक्षकाच्या वाचनाचे चरित्र म्हणून केला आहे. शिक्षकाला पेशासाठी जे वाचावे लागते आणि स्वतःच्या ओढीने तो जे वाचतो, या दोहोंचा संबंध काय असावा, हा प्रश्न महाविद्यालयीन अध्यापकांपुढे आजही आहे. मिराशी यांच्या आयुष्यात ही दोन वाचने परस्परांना तपासत राहिली, आणि त्या तपासणीचा निष्कर्ष मराठी वाचकापर्यंत पोहोचविणे हा त्यांनी आपल्या कामाचाच भाग मानला, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२. संस्कृतचा अध्यापक

मिराशी यांचा जन्म १३ मार्च १८९३ रोजी त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, देवगड तालुक्यात कुवळे या गावी झाला. त्यांचे विद्यापीठीय शिक्षण संस्कृतचे. कोकणात जन्मलेला हा अभ्यासक अध्यापनाच्या निमित्ताने नागपुरास आला आणि पुढचे सारे आयुष्य विदर्भाचा झाला. मॉरिस महाविद्यालयात ते संस्कृतचे प्राध्यापक व नंतर प्राचार्य होते. अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्यपदही त्यांनी सांभाळले. निवृत्तीनंतर नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास व संस्कृती या विषयाच्या पदव्युत्तर अध्यापनाची धुरा त्यांच्याकडे आली. संस्कृतच्या प्राध्यापकाकडे इतिहासाचा विभाग यावा ही घटना लक्षणीय आहे. त्यांच्या वाचनाची दिशा कोणीकडे वळली होती, याचीच ती पावती म्हणावी लागेल.

नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले. त्या काळच्या संस्कृत अभ्यासक्रमाचा कणा कालिदास, भवभूती, बाण आणि काव्यशास्त्राचे ग्रंथ हाच होता. अध्यापकाने मल्लिनाथादी टीकाकारांच्या आधारे श्लोक लावून द्यावा, अलंकार व छंद सांगावेत, कवीच्या काळाविषयीची मतमतांतरे थोडक्यात मांडावीत आणि विद्यार्थ्याला परीक्षेस सिद्ध करावे, अशी रीत होती. ही रीत टाकाऊ नव्हती. शब्दाशब्दावर थांबण्याची, पाठभेद तोलण्याची आणि अन्वय लागल्याशिवाय पुढे न जाण्याची सवय तिने लावली. ताम्रपटाच्या वाचनात मिराशी यांना जी शिस्त उपयोगी पडली, तिचे मूळ याच वर्गातील पोथीवाचनात आहे.

मात्र वर्गात नेहमी निघणाऱ्या काही प्रश्नांची उत्तरे वर्गातील पुस्तकांत नव्हती. मेघदूतातील यक्ष ज्या रामगिरीवर राहिला तो कोठला? भवभूती आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत ज्या पद्मपुराचा उल्लेख करतो ते कोठे असावे? वैदर्भी रीतीला विदर्भाचे नाव मिळाले ते केवळ संकेताने की तेथे खरोखर काही काव्यपरंपरा नांदत होती? विदर्भातल्या विद्यार्थ्यांना शिकविणाऱ्या अध्यापकाला हे प्रश्न दूरचे वाटणे शक्य नव्हते. टीकाग्रंथ त्यांच्याविषयी मौन होते. उत्तर मिळालेच तर ते कोरीव लेखांतून मिळण्याची शक्यता होती.

मध्य प्रांतात त्या वेळी या विद्येचा मुख्य आधार म्हणजे रायबहादुर हिरालाल यांचे कार्य होय. मध्य प्रांत व वऱ्हाडातील कोरीव लेखांची त्यांची वर्णनात्मक सूची १९१६ साली निघाली व तिची सुधारित आवृत्ती १९३२ साली प्रसिद्ध झाली. हिरालाल यांचे निधन १९३४ साली झाले. त्याच वर्षी नागपुरात विदर्भ संशोधन मंडळाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी मिराशी यांचा कालिदास हा मराठी ग्रंथ प्रकाशित झाला. एक पिढी मावळून दुसरीने काम हाती घेतल्याचे हे वर्ष आहे. पुराभिलेखांचे शास्त्रशुद्ध शिक्षण देण्याची सोय प्रांतातील महाविद्यालयांत नसताना, वयाची तिशी उलटल्यावर, अध्यापनाचे काम चालू ठेवून मिराशी यांनी ही विद्या हस्तगत केली.

३. तिरोडीचा ताम्रपट

वाकाटकांचे ताम्रपट वाचणे म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. तांब्याचे काही पत्रे एका कडीत ओवलेले असतात आणि कडीला राजमुद्रा जडविलेली असते. अक्षरांच्या माथ्यावर लहान चौकटीसारखी खूण असल्याने या लिपीला पेटिकाशीर्षक लिपी म्हणतात. आरंभी दानपत्र कोठून दिले त्या स्थळाचे नाव येते. त्यानंतर राजवंशाची ठरीव शब्दांतील प्रशस्ती, दान घेणाऱ्याचे गोत्र व शाखा, दिलेल्या गावाचे नाव व त्याच्या चतुःसीमा, राजपुरुषांना आज्ञा आणि शेवटी राज्यवर्ष असा क्रम असतो. गुप्तांनी स्वतःचा संवत् वापरला. वाकाटकांनी मात्र राज्यवर्षे दिली. त्यामुळे राजाचा काळ अन्य पुराव्याने ठरवावा लागतो.

या ठरीव साच्यात सोय आहे तशी फसगतही आहे. प्रशस्तीचे शब्द वाचकाला आधीच पाठ असतात, तेव्हा पत्र्यावर प्रत्यक्ष जे आहे त्याऐवजी अपेक्षित शब्दच डोळ्यांना दिसू लागतो. दुसरी अडचण अर्थनिर्णयाची. फ्लीट यांनी १८८८ साली गुप्तांच्या लेखांच्या खंडात वाकाटकांचे लेखही छापले. प्रवरसेनाचा मातामह म्हणून येणारा महाराजाधिराज देवगुप्त म्हणजे उत्तरकालीन मगधाचा देवगुप्त असे समजून त्यांनी या वंशाला दोन-तीन शतके अलीकडे ओढले होते. पुढे पुण्यास मिळालेल्या प्रभावतीगुप्तेच्या ताम्रपटावरून हा देवगुप्त म्हणजे दुसरा चंद्रगुप्तच, हे स्पष्ट झाले. वाचलेले अक्षर अचूक असूनही एका व्यक्तीच्या ओळखीत चूक झाली तर वंशाचा सारा काळ सरकतो, हा धडा मिराशी यांच्या पिढीपुढे ताजा होता.

तिरोडीचा ताम्रपट मिराशी यांनी एपिग्राफिया इंडिकाच्या २२व्या खंडात संपादित केला. तो द्वितीय प्रवरसेनाच्या २३व्या राज्यवर्षाचा आहे. बेन्नाकट नावाच्या प्रदेशातील कोसंबखंड हे गाव राजाने दान दिल्याचे त्यात नमूद आहे. कोसंबखंड म्हणजे तिरोडीच्या नैर्ऋत्येचे कोसंबा, असे मिराशी यांनी दाखविले. बेन्ना या नावात त्यांना वैनगंगा दिसली. या निर्णयासाठी संस्कृतच्या व्यासंगाखेरीज दुसरे एक वाचन लागले होते. ते म्हणजे जिल्ह्याच्या नकाशांचे व गावांच्या याद्यांचे वाचन. पंधराशे वर्षांपूर्वीचे गावाचे नाव झिजत झिजत शेतकऱ्याच्या तोंडी कोणत्या रूपात उरले असेल, हे ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांनी ठरवावयाचे आणि सीमेवरच्या इतर गावांची नावे जुळतात का हे पाहून त्याची खात्री करावयाची, अशी ही पद्धत आहे. अचलपूरजवळ मिळालेल्या ताम्रपटातील चर्मांक गाव आजचे चम्मक होय, हे पूर्वीच ठरले होते. तीच पद्धत मिराशी यांनी विदर्भाच्या व आसपासच्या शेकडो स्थलनामांना लावली. भाषेच्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यांचे हे स्थलनिर्णय आजही उत्तम उदाहरणे म्हणून वापरता येतात.

भंडारा जिल्ह्याशी त्यांच्या वाचनाचा संबंध एवढ्यावर संपत नाही. वैनगंगेकाठच्या पवनी येथील भार राजा भगदत्त याचा प्राकृत शिलालेखही त्यांनीच संपादित केला. पवनीचे प्राचीनत्व पुढे १९६९–७० मध्ये झालेल्या उत्खननाने निर्विवाद सिद्ध झाले.

४. राजा आणि कवी

तिरोडीच्या ताम्रपटात प्रवरसेन हा परम शिवभक्त राजा म्हणून येतो. त्याच्या काव्यगुणांचा तेथे निर्देश नाही. उलट सेतुबंधाच्या वाचकाला त्या काव्यात रामकथा मिळते, पण राजाचे गाव, नदी, माणसे यांपैकी काही मिळत नाही. बाणाने हर्षचरिताच्या आरंभी प्रवरसेनाच्या सेतूचा गौरव केला आहे. दंडीने महाराष्ट्रातील प्राकृताला श्रेष्ठ ठरविताना याच काव्याचे नाव घेतले आहे. तरीही हा प्रवरसेन कोणता, याविषयी एकमत नव्हते. काहींनी त्याला काश्मीरचा राजा मानले होते.

मिराशी यांनी दानपत्रे आणि काव्य एकत्र वाचली. प्रवरसेनाची माता प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या. पतीच्या मृत्यूनंतर तिने अल्पवयीन पुत्राच्या वतीने राज्यकारभार पाहिला. रिद्धपूरचा तिचा ताम्रपट रामगिरिस्वामीच्या पादमूलाहून दिलेला आहे. शैव राजाने रामकथेवर काव्य रचावे, यातील विसंगती या पार्श्वभूमीवर उरत नाही. कालिदासाने सेतुबंधाच्या रचनेत साहाय्य केले अशी जी टीकाकारांची परंपरा आहे, तिलाही गुप्त आणि वाकाटक दरबारांच्या या नात्यामुळे काही अर्थ प्राप्त होतो. परंपरेचा शब्दशः स्वीकार आणि तिचा सरसकट त्याग या दोन्ही टोकांच्या मधली ही भूमिका आहे. परंपरा कोणत्या परिस्थितीत निर्माण होणे शक्य होते, एवढाच प्रश्न ती विचारते.

गाथासप्तशतीच्या कालनिर्णयाविषयीचे त्यांचे लेखनही याच संदर्भात पाहिले पाहिजे. टीकाकारांनी काही गाथांच्या कर्त्यांत प्रवरसेन व सर्वसेन यांची नावे दिली आहेत. हालाचा मूळ गाथाकोश आणि आज उपलब्ध असलेला संग्रह यांत भेद करावा लागतो व मूळ संग्रहात नंतरच्या शतकांत भर पडत गेली, असे मत त्यांनी मांडले. ज्या ग्रंथाला आपण मराठी मनाचा आदिम आविष्कार म्हणून गौरवितो, तो एका हाताने एका काळी झालेला नसून कित्येक पिढ्यांनी वाढविलेला आहे, हे यामुळे ध्यानात येते. मराठीच्या पदव्युत्तर वर्गात सप्तशती शिकविताना ही गोष्ट सांगितली जाते की नाही, याचा विचार अध्यापकांनी करावा.

५. अजिंठ्याचे पुनर्वाचन

मिराशी यांच्या वाचनपद्धतीचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे अजिंठ्याच्या १६व्या लेण्यातील लेख होय. वाकाटक राजाचा मंत्री वराहदेव याने हे लेणे कोरविले. त्याचा लेख झिजलेला आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १९व्या शतकात त्याचे प्रथम वाचन केले, आणि १८८३ साली ब्यूलर यांनी केलेले वाचन त्यानंतर प्रमाण मानले गेले. झिजलेल्या जागी ब्यूलर यांनी इतर ताम्रपटांतून माहीत असलेल्या राजांची नावे वाचली होती. वाकाटकांचा एकच वंश ज्ञात असताना तसे होणे स्वाभाविक होते.

१९३९ साली वाशीम येथे विंध्यशक्ती नावाच्या वाकाटक राजाचा ताम्रपट उजेडात आला. महानुभाव वाङ्मयाचे अभ्यासक यशवंत खुशाल देशपांडे यांनी महाजन यांच्यासह तो प्रथम प्रसिद्ध केला व नंतर मिराशी यांनी त्याचे संपादन केले. वत्सगुल्म म्हणजे वाशीम येथून दिलेल्या या दानपत्राचा काही भाग संस्कृतात आणि काही प्राकृतात आहे. त्यावरून पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन याने वत्सगुल्म येथे स्वतंत्र शाखा स्थापिली होती, ही तोपर्यंत अज्ञात असलेली गोष्ट कळली. मिराशी यांनी हे नवे ज्ञान घेऊन अजिंठ्याचा जुना लेख पुन्हा वाचला. ज्या जागी परिचित राजांची नावे वाचली गेली होती, तेथे सर्वसेन आणि विंध्यसेन ही नावे त्यांना आढळली. अजिंठ्याचा लेख हा नंदिवर्धनच्या शाखेचा नसून वत्सगुल्म शाखेचा आहे, हे यामुळे निश्चित झाले. हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्वविषयक मालेत हे पुनर्वाचन १९४१ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्यांना महामहोपाध्याय ही पदवी मिळाली.

या घटनेचे वाङ्मयीन फलित मोठे आहे. सर्वसेन नावाच्या कवीच्या हरिविजय या प्राकृत काव्याचा उल्लेख आनंदवर्धनाने केला आहे. कुंतकाने सुकुमार मार्गाच्या कवींत कालिदासाबरोबर सर्वसेनाचे नाव घेतले आहे. हे काव्य आज उपलब्ध नाही आणि कवीचा ठावठिकाणाही कोणाला माहीत नव्हता. काव्यमीमांसेत राजशेखराने काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात लावून दिला आहे. कर्पूरमंजरीत वच्छोमी रीतीचा निर्देश आहे. संस्कृतच्या वर्गात हे सारे उल्लेख वर्षानुवर्षे वाचले जात होते. पण ते सुटे होते. वाशीमच्या ताम्रपटाने वत्सगुल्मचा राजा सर्वसेन हाती आला आणि मिराशी यांनी तोच हरिविजयाचा कर्ता असे प्रतिपादन केले. राजशेखराची रूपककथा एका प्रत्यक्ष काव्यकेंद्राच्या स्मृतीवर उभी आहे, हे त्यामुळे पटते. काव्यशास्त्राचे ग्रंथ ज्याने मन लावून शिकविले नसते, त्याला ताम्रपटातील सर्वसेन हे केवळ आणखी एका राजाचे नाव वाटले असते. तसेच ज्याने ताम्रपट पाहिला नसता, त्याला राजशेखराचे वत्सगुल्म ही केवळ कविकल्पना वाटली असती.

६. पद्मपूर, रामटेक आणि मतभेद

भवभूतीच्या महावीरचरित व मालतीमाधव या नाटकांच्या प्रस्तावनांत त्याच्या पूर्वजांचे गाव म्हणून पद्मपुराचा उल्लेख येतो. मालतीमाधवाचे कथानक पद्मावती नगरीत घडते, त्यामुळे काही अभ्यासकांनी दोन्ही नावांची सरमिसळ केली होती. दुर्ग येथून मिळालेला एक अपूर्ण वाकाटक ताम्रपट पद्मपुराहून दिलेला आहे. या ताम्रपटाच्या आधारे मिराशी यांनी भवभूतीचे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पद्मपूर असा निर्णय दिला. हे गाव त्या वेळी भंडारा जिल्ह्यात होते. १९९९ साली भंडाऱ्याचे विभाजन झाल्यापासून ते गोंदिया जिल्ह्यात आहे. आमगावच्या महाविद्यालयाला भवभूतीचे नाव आहे. एका प्राध्यापकाचे वाचन एखाद्या भागाच्या लोकजीवनात कसे मुरते, याचे हे चिन्ह मानता येईल.

मेघदूतातील रामगिरी म्हणजे रामटेक, या मताचा पुरस्कार मिराशी यांनी आयुष्यभर केला. सरगुजा भागातील रामगढ हा या मतापुढचा मुख्य प्रतिपक्ष होता. रिद्धपूरच्या ताम्रपटातील रामगिरिस्वामी, रामटेकपासून जवळच असलेली वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन आणि मेघाच्या प्रवासाची भौगोलिक दिशा असे त्यांच्या युक्तिवादाचे तीन आधार होते. रामटेकच्या केवल नरसिंह मंदिरातील वाकाटककालीन शिलालेख त्यांच्या पश्चात प्रकाशात आला आणि या टेकडीचे वाकाटक राजघराण्याशी असलेले निकटचे नाते त्याने अधिक स्पष्ट केले. नंदिवर्धन म्हणजे नगरधन, हे मतही २०१५ ते २०१८ या काळातील उत्खननाने बळकट झाले. तेथे प्रभावतीगुप्तेच्या नावाची मृण्मुद्रा मिळाली आहे.

सर्वच निर्णय असे टिकले आहेत असे नाही. प्रवरसेनाने वसविलेली प्रवरपूर ही राजधानी वर्धा जिल्ह्यातील पवनार होय, असे मिराशी यांचे मत होते. रामटेकजवळच्या मनसर येथे १९९०च्या दशकात सुरू झालेल्या उत्खननात भव्य वास्तूंचे अवशेष निघाल्यावर अनेक अभ्यासकांनी प्रवरपूर मनसर येथे असल्याचे प्रतिपादन केले. मनसर हेही मँगनीजच्याच पट्ट्यातील गाव आहे. मिराशी यांच्या मताला यामुळे बाध आला, तरी त्यांच्या पद्धतीला बाध येत नाही. ब्यूलर यांचे वाचन त्यांनी नव्या पुराव्याने दुरुस्त केले. त्याच न्यायाने त्यांचे वाचनही दुरुस्तीस पात्र आहे. शिष्याने गुरूचे मत पाठ करावे, ही अपेक्षा या परंपरेत बसत नाही.

७. मराठीतील ग्रंथरचना

मिराशी यांच्या ग्रंथसूचीतील सालांचा क्रम अभ्यासण्यासारखा आहे. भारतीय कोरीव लेखांच्या कॉर्पस मालेत त्यांनी संपादिलेले तीन खंड आहेत : कलचुरी-चेदी संवताच्या लेखांचा १९५५ सालचा, वाकाटकांच्या लेखांचा १९६३ सालचा आणि शिलाहारांच्या लेखांचा १९७७ सालचा. जागतिक विद्वत्तेच्या मापाने हे त्यांचे प्रमुख कार्य होय. परंतु वाकाटक नृपति आणि त्यांचा काल हा मराठी ग्रंथ १९५७ साली, म्हणजे इंग्रजी खंडाच्या सहा वर्षे आधी निघाला. शिलाहारांवरील मराठी ग्रंथ १९७४ सालचा, इंग्रजी खंडाच्या तीन वर्षे आधीचा आहे. सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांच्यावरील मराठी ग्रंथ १९७९ साली आला आणि इंग्रजी आवृत्ती त्यानंतर. कालिदासही मराठीत १९३४ साली आला. त्याचे इंग्रजी रूप १९६९ सालचे आहे. त्यांच्या स्फुट लेखांचे संशोधन-मुक्तावलीचे सर मराठीतच गुंफलेले आहेत.

ज्या काळात संशोधनाची प्रतिष्ठा इंग्रजी प्रकाशनावर अवलंबून होती, त्या काळातील हा क्रम आहे. यातील मराठी ग्रंथ म्हणजे इंग्रजी खंडांचे सुलभ सारांश नव्हेत. त्यांत मूळ लेख, त्यांचे अर्थ, राजकीय इतिहास, धर्म, समाज व वाङ्मय यांची सविस्तर चर्चा आहे. तुमसर, वाशीम किंवा अचलपूर येथील वाचकाला आपल्या परिसरातील ताम्रपटाचा अर्थ स्वतःच्या भाषेत वाचता यावा, ही त्यामागची दृष्टी दिसते. ताम्रपट खेड्यातल्या शेतातून किंवा खाणीजवळून निघतो, शहरातील संग्रहालयात जातो आणि परदेशी भाषेतील नियतकालिकात छापला जातो. त्या खेड्याकडे त्यातले काहीच परत येत नाही. मिराशी यांनी हे परतीचे काम केले. मराठीचे प्राध्यापक डॉ. वि. भि. कोलते यांनीही पुढे वाकाटकांचे ताम्रपट वाचून मराठीतून प्रसिद्ध केले, हे येथे मुद्दाम नोंदविले पाहिजे. संस्कृत आणि मराठी या दोन विभागांच्या मधली भिंत त्या पिढीने फारशी मानली नाही.

त्यांच्या लेखनशैलीविषयीही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. तीत अलंकरण नाही. पूर्वपक्ष मांडावा, त्याची प्रमाणे द्यावीत, दोष दाखवावेत आणि आपला निर्णय सांगावा, असा शास्त्रार्थाचा क्रम त्यांनी मराठीत आणला. क्वचित हा क्रम शुष्क वाटतो, आणि स्वमताविषयीचा आग्रह काही ठिकाणी आवश्यकतेपेक्षा अधिक दृढ होतो. रामगिरीच्या चर्चेत हे विशेष जाणवते. परंतु वाचकाला प्रमाणे दिलेली असल्याने तो स्वतः निर्णय तपासू शकतो, हा या शैलीचा मोठा गुण आहे.

८. समारोप

१९७५ साली मिराशी यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. ३ एप्रिल १९८५ रोजी त्यांचे निधन झाले. सातवाहनांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी ओलांडून काही वर्षे झाली होती. सेवानिवृत्ती हा त्यांच्या वाचनाचा शेवट ठरला नाही, कारण ते वाचन सेवेच्या नियमांनी सुरूच झाले नव्हते.

आज महाविद्यालयीन अध्यापकाचे वाचन दोन कप्प्यांत विभागले गेले आहे. एका कप्प्यात नेमलेली पुस्तके, दुसऱ्यात पदवीसाठी वा पदोन्नतीसाठी लागणारे लेखन. पहिल्यातून दुसऱ्याला प्रश्न मिळत नाहीत आणि दुसऱ्यातून पहिल्याला उत्तरे मिळत नाहीत. मिराशी यांच्या चरित्रातून एवढे तरी दिसते की वर्गात पुन्हा पुन्हा अडणारी जागा हाच संशोधनाचा विषय असू शकतो, आणि त्या जागेचा उलगडा करणारी सामग्री अनेकदा अध्यापकाच्या स्वतःच्याच जिल्ह्यात पडलेली असते. सेतुबंध हा मराठीच्या विद्यार्थ्यांना दूरच्या, मृत भाषेतला ग्रंथ वाटतो. त्या काव्याच्या कर्त्याने दान दिलेले गाव तुमसरच्या उत्तरेस, खाणींच्या पट्ट्यात, आपल्या जुन्या नावाचा अवशेष सांभाळून आहे. तुमसर-भंडाऱ्याच्या महाविद्यालयांतून हे काव्य शिकविताना अध्यापकाने जिल्ह्याचा नकाशा फळ्याशेजारी लावला, आणि कोसंबखंडाचे कोसंबा कसे झाले हे विद्यार्थ्यांकडूनच काढून घेतले, तर प्राकृतापासून मराठीपर्यंतचा प्रवास त्यांना एका तासात समजेल. मिराशी यांच्या वाचनाचा वारसा म्हणून एवढे काम आपल्या वर्गात करता येण्याजोगे आहे.